उघड्या बोटीतला सबवूफर : जागा, पेटी आणि कोनामागची हवा

हे प्रकरण साडेसहा मीटर लांबीच्या एका उघड्या फायबरग्लास बोटीचे आहे. मधोमध सुकाणूचा कन्सोल (चाक आणि उपकरणे बसवलेली पोकळ उभी पेटी), मागे एकच पेट्रोल आऊटबोर्ड इंजिन आणि मागच्या बाजूला दोन्ही कडांना मिळून साडेसहा इंची चार स्पीकर, अशी तिची मांडणी होती. आवाज मोठा आहे, पण त्यात खर्ज नाही, अशी मालकांची तक्रार होती. त्यांनी दहा इंची सागरी सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) आधीच विकत घेतला होता आणि कन्सोलवर सुकाणू धरणाऱ्याच्या पायाशी असलेल्या सपाट फलकावर पेन्सिलने वर्तुळही काढून ठेवले होते. इथे भोक पाडले तर चालेल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. वर्तुळ जवळजवळ योग्य जागी होते. मात्र त्या वर्तुळामागे कोणती हवा आहे, ती कुठून कुठे वाहते आणि विकत घेतलेला सबवूफर कोणत्या हवेसाठी घडवलेला आहे, हे तिन्ही प्रश्न अनुत्तरित होते. बोटीत सबवूफरची जागा पुढून दिसणाऱ्या फलकावरून ठरत नाही, ती कोनामागच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूमागच्या, हवेवरून ठरते, असे माझे ठाम मत आहे आणि या प्रकरणातला प्रत्येक निर्णय शेवटी त्याच मुद्द्यापाशी येऊन थांबला.

खर्ज कुठे हरवतो

मोटारीत साधा सबवूफरही भारदस्त वाजतो, कारण बंद काचांच्या त्या लहानशा जागेत खालच्या वारंवारतांचा दाब कोंडला जाऊन वाढतो. उघड्या बोटीला छत नाही, भिंती नाहीत आणि त्यामुळे ही वाढ मुळीच मिळत नाही. आवाज चहूकडे पसरतो आणि स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी ६ डेसिबलने उतरते. म्हणून मोटारीतल्या अनुभवावरून बोटीसाठी ताकदीचा अंदाज बांधणारा माणूस जवळजवळ नेहमीच कमी अंदाज बांधतो.

याच भौतिकशास्त्राची दुसरी बाजू मात्र बसवणाऱ्याच्या सोयीची आहे. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ मीटर, म्हणजे या बोटीच्या लांबीपेक्षाही थोडी जास्त असते, तर दहा इंची कोनाचा व्यास जेमतेम २५ सेंटिमीटर असतो. तरंगलांबीच्या मानाने स्रोत इतका लहान असला की आवाज सगळीकडे सारखाच जातो आणि कोनाचे तोंड ऐकणाऱ्याकडे आहे की त्याच्या पायांकडे, याला महत्त्व उरत नाही. महत्त्व उरते ते दोन गोष्टींना : ऐकणाऱ्यापासूनचे अंतर आणि जवळचे पृष्ठभाग. कोन डेक आणि उभा फलक यांच्या कोपऱ्यात बसवला तर जो आवाज खाली आणि मागे पसरून गेला असता तोही पुढच्या बाजूला येतो. असा प्रत्येक भक्कम पृष्ठभाग सिद्धांतानुसार जास्तीत जास्त ६ डेसिबलची भर घालतो. बोटीचा डेक काँक्रीटसारखा ताठ नसल्यामुळे प्रत्यक्षात भर त्याहून कमी पडते, तरीही ती अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट करण्याइतकी, म्हणजे ३ डेसिबलची, सहज असू शकते आणि तिच्यासाठी बॅटरीतून काहीही खर्च होत नाही.

विचारात घेतलेल्या जागा

मागच्या बाकाखालचा कप्पा पहिल्याच पाहणीत बाद झाला. तिथे इंधनाची नळी होती, पेट्रोलमधले पाणी वेगळे करणारा फिल्टर होता आणि तळात साचणाऱ्या पाण्याच्या पंपाकडे जाणारी मोकळी वाट होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि अशाच खोलगट जागी साचते. ज्या विद्युत उपकरणाला ठिणगीपासून संरक्षण असल्याचे प्रमाणित केलेले नाही, ते अशा जागेत बसवू नये, हा नियम मी कुठल्याही सोयीसाठी वाकवत नाही, आणि बाजारातल्या बहुतेक सागरी अ‍ॅम्प्लिफायरना तसे प्रमाणपत्र नसते. त्यांच्यावरचा सागरी हा शिक्का मीठ, ओल आणि ऊन यांच्याबद्दल बोलतो, पेट्रोलच्या वाफेबद्दल नाही.

पुढच्या टोकाच्या आसनाखालची पेटी बाहेरून पोकळ वाटत होती, पण आत बंद पेशींचा तरंगता फोम भरलेला होता. बोट पाण्याने भरली तरी बुडू नये, यासाठी तो फोम असतो, आणि सबवूफरला वीस-पंचवीस लिटर जागा हवी म्हणून तितकाच फोम कापणे म्हणजे सुमारे वीस-पंचवीस किलोचा तरंगता आधार काढून टाकणे होय. शिवाय लाटेवर आपटताना सर्वांत मोठा धक्का पुढच्या टोकालाच बसतो आणि जड चुंबक असलेला ड्रायव्हर (पेटी वगळून उरणारा सबवूफरचा मूळ स्पीकर) तिथे वारंवार हादरत राहतो. दर्यात बोट पुढूनच पाणी घेते, हे तर आहेच.

सुकाणूमागच्या आसनाखालची पेटी आकाराने पुरेशी होती, पण तिचे झाकण बिजागरीवर उघडणारे आणि सैल होते. सामान ठेवण्यासाठी तीच एकमेव कोरडी जागा असल्याने मालक ती पूर्णपणे द्यायला तयार नव्हते आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. उरला तो कन्सोल.

कन्सोलचा पेच

मालकांनी घेतलेला सबवूफर पेटीशिवाय वापरण्याच्या प्रकारातला होता. अशा ड्रायव्हरला मागे मोठी पोकळी लागते आणि तिच्यातली हवा स्प्रिंगसारखी काम करत नाही. कोनाला आवरण्याचे काम त्याचे स्वतःचे ताठ झुलते अंग, म्हणजे कोनाला धरून ठेवणारी लवचीक जोडणी, करते. कन्सोलची आतली पोकळी अंदाजे ४५० लिटर होती, म्हणजे आकारमानाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो गळतीचा. कोन पुढे ढकलला जातो तेव्हा पुढे दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे तितकाच कमी होतो. या दोन लहरी एकमेकींना भेटल्या की त्या परस्परांना खोडून काढतात, आणि वारंवारता जितकी कमी तितकी ही खोड जास्त. म्हणून पेटीशिवायच्या मांडणीत कोनाची मागची बाजू पुढच्या बाजूपासून खरोखर बंदिस्त असावी लागते.

या कन्सोलला पुढे आत शिरण्याचे दार होते, दोन्ही बाजूंना हवेच्या जाळ्या होत्या आणि तळाशी इंजिनाकडे जाणाऱ्या केबलींची जाड नळी डेकखाली उघडत होती. हे सर्व बुजवले असते तर खर्ज मिळाला असता. पण आत पाणी भरण्याची, उघड्या प्रकारची लेड-अ‍ॅसिड बॅटरी होती. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, हायड्रोजन वर चढून छताशी साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. खालून केबलींच्या नळीतून इंधनटाकीच्या बाजूची हवाही आत येऊ शकत होती. त्या जाळ्या बोट बांधणाऱ्याने शोभेसाठी ठेवलेल्या नव्हत्या. ज्या जागेला श्वास घेऊ देणे सुरक्षेसाठी आवश्यक आहे, तीच जागा खर्जासाठी गुदमरवायची, असा हा पेच होता आणि त्याचे उत्तर शोधताना ध्वनीच्या बाजूने बोलण्यासारखे काहीही नव्हते. जाळ्या उघड्याच राहणार, हे पहिल्याच चर्चेत ठरले.

मग पर्याय राहिला तो फलकाच्या मागे, कन्सोलच्या आत, स्वतंत्र सीलबंद पेटी बसवण्याचा. पोर्ट (हवा ये-जा करणारी मोकळी नळी) असलेल्या पेटीचा विचार मी फार काळ केला नाही. ती त्याच ताकदीत अधिक आवाज देते हे खरे, पण पोर्ट हे पाण्यासाठी उघडे ठेवलेले दारच असते; शिवाय ज्या वारंवारतेला पोर्ट जुळवलेला असतो तिच्याखाली कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि तो मर्यादेबाहेर हिंदकळतो. डेक धुताना पाण्याचा फवारा नेमका याच फलकावर येत असे.

बॅटरी, तिचा स्विच आणि सुकाणूची यंत्रणा यांना हात न लावता कन्सोलमध्ये ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर आतल्या मापाची पेटी बसत होती. ते झाले २४ लिटर. ड्रायव्हरने स्वतः व्यापलेली जागा वजा केली की निव्वळ २२ लिटर उरतात. आता विकत घेतलेला ड्रायव्हर या पेटीत कसा वागेल, हे कागदावरच तपासता आले. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात तीन आकडे असतात : त्याची नैसर्गिक अनुनाद वारंवारता, त्याचा एकूण क्यू (अनुनाद किती आवरला जातो हे सांगणारा आकडा; तो जास्त असला की घुमणे जास्त) आणि त्याच्या झुलत्या अंगाच्या लवचीकतेशी समतुल्य असलेले हवेचे आकारमान. या समतुल्य आकारमानाला पेटीच्या आकारमानाने भागायचे, त्यात एक मिळवायचा आणि वर्गमूळ काढायचे. त्या संख्येने अनुनाद वारंवारता आणि क्यू या दोहोंना गुणले की सीलबंद पेटीतले आकडे मिळतात.

मालकांच्या ड्रायव्हरचे आकडे ३३ हर्ट्झ, ०.७५ आणि ५५ लिटर असे होते. २२ लिटरच्या पेटीत गुणक १.८७ येतो, म्हणजे अनुनाद ६२ हर्ट्झच्या जवळ आणि क्यू १.४. क्यू इतका वाढला की ७० ते ७५ हर्ट्झच्या आसपास साडेतीन डेसिबलच्या जवळपास फुगवटा येतो आणि त्याखाली आवाज झपाट्याने कोसळतो. कानाला ते एकाच सुरात घुमणारे, प्रत्येक गाण्यात सारखेच ढुमढुमणारे वाजणे असते. खर्ज आहे असा भास होतो, पण तबल्याच्या डग्ग्यावरची मींड आणि बेस गिटारची उतरती सुरावट त्यात ओळखू येत नाही. याउलट सीलबंद पेटीसाठीच घडवलेल्या, ३२ हर्ट्झ, ०.४५ आणि ३० लिटर अशा आकड्यांच्या दहा इंची ड्रायव्हरला त्याच पेटीत गुणक १.५४ मिळतो, अनुनाद ४९ हर्ट्झ आणि क्यू ०.६९ होतो. ०.७१ च्या जवळचा क्यू म्हणजे फुगवटा नसलेला, शक्य तितका सपाट उतार. दोन्ही ड्रायव्हर बाहेरून सारखेच दिसत होते, व्यास तोच, जाळी तीच, भोकाचे मापही जवळजवळ तेच. फरक पूर्णपणे कोनामागे होता. मालकांनी न वापरलेला ड्रायव्हर बदलून घेतला आणि पेन्सिलचे वर्तुळ तेवढे राहिले.

होकायंत्राची परीक्षा

कन्सोलच्या माथ्यावर चुंबकीय होकायंत्र होते. सबवूफरचे चुंबक मोठे असते आणि त्याचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. अंतर दुप्पट केले की परिणाम एक-अष्टमांश उरतो. म्हणून इथे दहा-वीस सेंटिमीटरचाही फरक मोठा ठरतो आणि अंदाजावर भोक पाडणे योग्य नसते. बोट धक्क्याला घट्ट बांधून, नवा ड्रायव्हर हातात धरून आम्ही तो फलकावर वरून खाली सरकवत गेलो. होकायंत्रापासून ४० सेंटिमीटरवर त्याची फिरती तबकडी साधारण आठ अंशांनी वळत होती. पायाजवळच्या जागी, म्हणजे ९० सेंटिमीटरवर, वाचता येण्याजोगा फरक उरला नाही. बोटीचे तोंड वेगवेगळ्या दिशांना असताना चुंबकाचा परिणाम बदलतो, त्यामुळे बोट वळवून हीच परीक्षा पुन्हा घेतली, आणि बसवणी झाल्यावर संगीत चालू असतानाही घेतली. स्वयंचलित सुकाणूचा दिशा सांगणारा सेन्सर कन्सोलच्या आत असलेल्या बोटीत हीच तपासणी त्या सेन्सरसाठीही करावी लागते, आणि तो नजरेआड असल्यामुळे नेमका विसरला जातो.

भोक, पेटी आणि पाणी

फलक फक्त ५ मिलिमीटर जाडीचा होता. अशा पातळ फलकावर ड्रायव्हर नुसता स्क्रूंनी टांगला, तर कोनाबरोबर फलकही हलतो, जेलकोटला (फायबरग्लासच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला) बारीक चिरा पडतात आणि लाटांच्या आपटण्याने स्क्रूंचे आटे फायबरग्लासमधून निसटतात. म्हणून फलकाच्या मागे १८ मिलिमीटर मरीन प्लायवूडचे कडे इपॉक्सीने चिकटवले, पेटी त्या कड्याला जोडली आणि ड्रायव्हर ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या आरपार बोल्टांनी आवळला. पेटीचे वजन फलकावर न ठेवता कन्सोलच्या तळावर टेकवलेल्या आधारावर घेतले. पेटी १५ मिलिमीटर मरीन प्लायची होती आणि तिच्या आतबाहेर, विशेषतः कापलेल्या प्रत्येक कडेवर, इपॉक्सीचे थर दिले. प्लायवूड पाणी पिते ते कडेनेच. फलकाच्या गाभ्यात बाल्सा लाकूड किंवा फोम असता तर भोकाची कडही तशीच बंद करावी लागली असती, कारण गाभ्यात शिरलेले पाणी बाहेर दिसत नाही आणि आतून फलक कुजवत राहते.

भोकाची खालची कड डेकपासून १२ सेंटिमीटर उंच ठेवली. कोपऱ्याचा फायदा घ्यायचा तर कोन जितका खाली तितका बरा, पण डेकवर आलेले पाणी निथळायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात ते जाळीपर्यंत पोहोचू नये. सुकाणू धरणाऱ्याची चप्पल नेमकी तिथे लागते, म्हणून जाळी भक्कम निवडली.

सीलबंद पेटीच्या बाबतीत एका गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. उन्हात पेटीतली हवा तापून प्रसरण पावते आणि मग अचानक गार पाणी पडले की आकुंचन पावते. त्या क्षणी आत कमी दाब निर्माण होतो आणि केबल शिरते ती फट बाहेरचे पाणी आत ओढून घेते. एरवी पाऊस अडवणारा जोडही असा शोषला गेल्यावर गळतो. म्हणून केबल पेटीच्या बाजूने, खाली तोंड केलेल्या घट्ट केबल ग्लँडमधून (केबलीभोवती आवळणाऱ्या तोटीतून) आत नेली आणि तिला आधी खाली झोल दिला, जेणेकरून थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतील. ड्रायव्हरच्या कडेखाली बंद पेशींच्या फोमची पट्टी बसवली. उघड्या पेशींचा फोम स्पंजसारखे पाणी धरतो आणि हवाही सोडतो.

वीज

अ‍ॅम्प्लिफायर कन्सोलमध्ये न ठेवता आसनाखालच्या कोरड्या पेटीच्या एका भिंतीवर उभा बसवला. ती पेटी इंधनटाकी आणि तळातले पाणी या दोहोंपासून वेगळी होती, बॅटरीच्या हायड्रोजनपासून दूर होती आणि एक भिंत गेल्याने सामानाची जागा फारशी कमी झाली नाही. एकाच चॅनेलचा, ४०० वॉटचा, डी वर्गाचा हा अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षमता धरली तर पूर्ण ताकदीला साडेबारा व्होल्टवर ४० अँपिअर घेतो. बॅटरीपासून ४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर तार आणि १२ व्होल्टच्या ३ टक्के, म्हणजे ०.३६ व्होल्ट घट मान्य केली तर तांब्याचा छेद १५.६ चौरस मिलिमीटर निघतो. १६ चौरस मिलिमीटरची तार कागदावर पुरते, पण तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, म्हणून कथिलाचा मुलामा असलेली २५ चौरस मिलिमीटरची तार घेतली. फ्यूज बॅटरीला खेटूनच हवा. अमेरिकेतल्या एबीवायसी या संस्थेच्या बोटींसाठीच्या मानकात हे अंतर सर्वसाधारणपणे ७ इंच, म्हणजे १७८ मिलिमीटर दिले आहे. फ्यूज तारेचे रक्षण करतो, अ‍ॅम्प्लिफायरचे नव्हे, आणि फ्यूजच्या अलीकडची तार कायम असुरक्षित असते.

संगीताची सरासरी मागणी कमाल ताकदीच्या बरीच खाली असते. तरीही इंजिन बंद करून तासन्‌तास गाणी ऐकायची असतील, तर इंजिन सुरू करणारी बॅटरी त्यासाठी वापरता येत नाही. या बोटीत दुसरी बॅटरी बसवण्याचा आग्रह मी धरला आणि ती बसल्यावरच अ‍ॅम्प्लिफायरची तार जोडली.

जुळवणी

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवला; त्याखालचे सबवूफरला, वरचे कडेच्या स्पीकरांना. कडेच्या लहान कोनांवरचा खर्जाचा भार उतरल्यामुळे ते मोठ्या आवाजातही फाटेनासे झाले आणि मालकांना पहिल्यांदा जाणवला तो हाच फरक.

पुढचा प्रश्न अधिक रंजक होता. मागच्या बाकावरून सबवूफर ३ मीटर दूर होता आणि कडेचे स्पीकर जेमतेम १ मीटरवर. हा २ मीटरचा फरक ८० हर्ट्झच्या ४.३ मीटर तरंगलांबीच्या जवळजवळ निम्मा आहे, म्हणजे जिथे दोघे मिळून वाजतात नेमक्या त्याच वारंवारतेला बाकावर ते एकमेकांना खोडत होते. सुकाणूपाशी मात्र दोघांची अंतरे सारखीच असल्याने तिथे आवाज भरलेला होता. सबवूफरची ध्रुवता उलटी केली (त्याच्या धन आणि ऋण तारांची अदलाबदल केली) की बाकावर खर्ज परत येई आणि सुकाणूपाशी तो पातळ होई. दोन्ही जागी एकाच वेळी उत्तम जमणार नव्हते, तेव्हा कोण, कुठे आणि केव्हा ऐकतो हे विचारणे भाग होते. बोट वेगात असताना सुकाणूपाशी माणूस असतो, पण तेव्हा चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे १३३ वेळा धडधडत असते, वर वारा असतो, आणि खर्जातले बारकावे एरवीही त्याखाली झाकले जातात. नांगर टाकल्यावर सगळे मागच्या बाकावर बसतात आणि भोवती शांतता असते. म्हणून ध्रुवता बाकाच्या बाजूने ठेवली.

त्यानंतर ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर वाजवून प्रत्येक झाकण, जाळी आणि दार हाताने दाबून पाहिले. कन्सोलच्या पुढच्या दाराचा कडी-कोयंडा ५५ हर्ट्झच्या आसपास खडखडत होता. त्याला रबराची पट्टी लावली. पहिल्या काही फेऱ्यांनंतर ड्रायव्हरचे बोल्ट पुन्हा आवळावे लागले, कारण फोमची पट्टी दाबाखाली बसते आणि बोल्ट सैल पडतात.

मालकांनी नंतर दुसरा तसाच सबवूफर बसवण्याबद्दल विचारले. दोन ड्रायव्हर जवळजवळ असले आणि दोघांना तितकीच ताकद दिली तर ६ डेसिबलपर्यंत वाढ मिळते हे खरे. पण त्यासाठी आणखी २४ लिटर लागणार होते, ते कन्सोलमध्ये हवेच्या जाळ्या झाकल्याशिवाय मिळणार नव्हते आणि बॅटरीवरचा भार दुप्पट होणार होता. मी त्यांना नाही म्हटले आणि आहे त्याच अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (येणारा संकेत किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) नीट लावून दिला.